बुखारीची ऊब घरभर, धूर मात्र घराबाहेर

काश्मीर, लडाख किंवा हिमाचलमध्ये हिवाळ्यात अनेक घरांत एकाच खोलीत बुखारी पेटते. ही लोखंडी पत्र्याची, लाकडावर चालणारी आणि धुराडे घराबाहेर काढलेली शेगडी. तिच्याजवळ बसणाऱ्याला घाम फुटतो, तर पलीकडच्या खोलीत आजोबांना दोन रजया घेऊनही हुडहुडी भरते. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, दमेकऱ्यांचा त्रास बळावतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये थंड प्रदेशातील घरांत किमान 18 अंश सेल्सियस तापमान राखण्याची शिफारस केली.

मग ही ऊब घरभर पोहोचवायची कशी? तापलेली हवा हलकी होऊन छताकडे जाते, थंड हवा जमिनीलगत साचते. मधले दार उघडे ठेवले, की वरच्या भागातून उबदार हवा पलीकडे जाते आणि खालून गार हवा बुखारीकडे परतते. या फेऱ्याला छोट्या पंख्याची मदत होते. अनेकजण तो बुखारीजवळ ठेवतात. त्याऐवजी थंड खोलीच्या दाराशी, जमिनीवर, बुखारीकडे तोंड करून मंद वेगात लावावा. गार हवा ढकलली गेली, की तिची जागा घ्यायला ऊब आपोआप येते.

खरा धोका पुढे आहे. ऊब टिकावी म्हणून खिडक्यांच्या फटी बुजवल्या जातात, रात्री दारे घट्ट लावली जातात. आगीला हवा कमी पडली, की लाकूड अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, गुंगी चढते. घरातल्या अनेकांना एकदमच असे होऊ लागले, तर याच वायूची शंका घ्यावी. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखवून फसवतो. सर्वांना तातडीने मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालयात न्यावे. तेथे ऑक्सिजन हाच मुख्य उपचार.

म्हणून खिडकीची एक फट कायम उघडी असावी. थंडी सुरू होण्यापूर्वी धुराड्यातली काजळी काढावी, सांधे तपासावेत. बुखारीच्या खोलीत एक्झॉस्ट पंखा लावू नये. तो धुराड्यातला धूर उलटा आत ओढू शकतो. झोपण्यापूर्वी आग पूर्ण विझवावी.

हिवाळी सहलीला जाणाऱ्यांनी मुक्कामाच्या खोलीत हे आधी पाहावे. आपल्याकडे बाळंतिणीच्या बंद खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीला तर धुराडेही नसते. निखाऱ्यांना धूर दिसत नाही, म्हणून त्या निर्धास्तपणे ठेवल्या जातात. पण विषारी वायू निखाऱ्यांतूनही निघतच असतो. बाळ-बाळंतिणीला ऊब हवीच. ती उबदार कपड्यांनी आणि पांघरुणांनी द्यावी, बंद खोलीतल्या निखाऱ्यांनी नव्हे.