एका अंशाचं वाकडेपण

माकुणसारहून मुंबईला गाडीने निघालेलं कुटुंब सफाळ्याला येतं, तांदुळवाडीचा घाट ओलांडतं आणि वरई फाट्याला अहमदाबाद महामार्गाला लागतं. तोवर क्रूझ कंट्रोलचं बटण दाबायची वेळच येत नाही. महामार्गावर जरा मोकळी लेन मिळाली की मात्र अंगठा तिकडे जातो. ताशी 80 लावायचे, पुढच्या गाडीपासूनचं अंतर ठरवायचं आणि पाय उचलायचा. इथून तक्रारी सुरू होतात. रस्ता मोकळा असताना गाडी कचकन ब्रेक मारते. कधी पुढचा ट्रक ढळढळीत दिसत असतो, तरी वेग कमी करत नाही. पावसाची जोराची सर आली की ‘सेन्सर झाकला गेला आहे’ असा संदेश येऊन सगळंच बंद पडतं, आणि खानिवड्याच्या टोलनाक्यापर्यंत पुन्हा ठणठणीत. सर्व्हिस सेंटरमध्ये नेली तर तिथे काहीच सापडत नाही.

ही तक्रार आपल्याकडे नवी आहे, कारण सोयच नवी आहे. ग्लॉस्टर 2020 साली आली, एक्सयूव्ही 700 पुढच्या वर्षी. मग हॅरियर, सेल्टॉस, क्रेटा अशा घरोघरच्या गाड्यांत ‘एडास’, म्हणजे चालकाला मदत करणारं हे तंत्र, पोचलं. तंत्र त्याहून बरंच जुनं. ठरवलेला वेग धरून ठेवणाऱ्या साध्या क्रूझचं पेटंट राल्फ टीटर या अमेरिकी इंजिनिअरला 1950 मध्ये मिळालं, आणि हा टीटर लहानपणापासून अंध होता. पुढच्या गाडीशी अंतर राखणारं क्रूझ 1995 मध्ये जपानी मित्सुबिशी डायमांटेत आलं. ते लेसरने अंतर मोजायचं, पण त्याला ब्रेक लावता येत नव्हता. रडार आणि ब्रेक यांची जोडी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीझने जमवली. आज तुमच्या-आमच्या गाडीत आहे ती तीच जोडी. मदतीला काचेमागचा कॅमेरा आला, एवढंच.

हे रडार पुढच्या लोगोमागे किंवा बंपरच्या खालच्या जाळीमागे बसवलेलं असतं. ते 76 ते 77 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडतं. त्यांची लांबी जेमतेम चार मिलिमीटर. दीडशे मीटरवरच्या ट्रकला आपटून लहर परत यायला सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो. इतका बारीक वेळ घड्याळाने मोजण्यापेक्षा रडार लहरीची वारंवारता सतत चढवत नेतं. प्रतिध्वनी परत येईपर्यंत सोडलेली लहर थोडी वर सरकलेली असते, आणि दोन्हींमधल्या फरकावरून अंतर निघतं. वेग कळतो डॉप्लर परिणामावरून. केळवे रोड स्टेशनात न थांबता जाणाऱ्या मेल गाडीचा भोंगा जवळ येताना चिरका आणि लांब जाताना जाड ऐकू येतो, तेच इथे रेडिओलहरींचं होतं. पुढचा ट्रक आपल्यापेक्षा ताशी 36 किलोमीटरने हळू असेल, तर परतलेल्या लहरीत सुमारे पाच हजार हर्ट्झचा फरक पडतो. रडारला हा फरक सहज मोजता येतो.

आणि नेमकी इथेच पहिली गोम आहे. आपण 80 ने जात असलो तर दिशाफलक, पुलाचा कठडा, टोलची लोखंडी कमान, पुलाच्या सांध्यातली पट्टी, हे सगळं 80 च्याच वेगाने आपल्याकडे येत असतं. कडेला बंद पडलेला टँकरही तसाच. रडारच्या लेखी टँकर आणि फलक यांच्यात वेगाचा फरक नसतो, आणि उंची नीट मोजता न येणाऱ्या रडारला कमान रस्त्यावर आहे की रस्त्याच्या वर, हेही खात्रीने सांगता येत नाही. प्रत्येक स्थिर वस्तूसाठी ब्रेक मारला तर गाडी चालवणंच अशक्य होईल, म्हणून जुन्या प्रणाली स्थिर प्रतिध्वनी बाजूलाच टाकत. नव्या प्रणाली कॅमेऱ्याला विचारतात, ‘ही गाडीच आहे ना?’ कॅमेऱ्याने हो म्हटलं तर ब्रेक, नाही म्हटलं तर सोडून द्यायचं. त्याचं उत्तर चुकलं तर मोकळ्या रस्त्यावर कमानीसाठी ब्रेक लागतो, नाही तर उभ्या ट्रकसाठी लागतच नाही. पुढची गाडी ऐन वेळी लेन बदलते आणि तिच्यामागून उभा टँकर समोर येतो, तेव्हा तर विचारायलाही वेळ उरत नाही.

समजा, दिसला. तरी हिशेब करून पाहा. ताशी 100 म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर. क्रूझ प्रवाशांना धक्का बसू नये म्हणून हळुवार ब्रेक लावतं. वेग सेकंदाला साधारण साडेतीन मीटर प्रति सेकंद एवढाच कमी करायची त्याला मुभा असते. या गतीने थांबायला 110 मीटर लागतात. टँकर 100 मीटरवर दिसला तर उरलेले दहा मीटर कुठून आणायचे? जोराचा आपत्कालीन ब्रेक ही वेगळी यंत्रणा आहे, आणि तिचं काम धडक टाळता आली नाही तरी तिचा जोर कमी करणं, एवढंही असू शकतं. गाडीच्या माहितीपुस्तकात हे सगळं बारीक अक्षरात छापलेलं असतं. उभी वाहनं, लेनच्या कडेने जाणाऱ्या दुचाकी, उलट दिशेने येणारी वाहनं, तीव्र वळणं, मागे माल बाहेर आलेले ट्रक: यांत यंत्रणा भरवशाची नाही. ही यादी वाचताना कुणी मनोर ते चारोटी प्रवास करून ती लिहिली असावी असं वाटतं. तारापूर एमआयडीसीतून निघालेल्या ट्रेलरमागे सळया हातभर बाहेर आलेल्या असतात. रडार मोजतं ते बहुधा ट्रेलरच्या मागच्या भागाचं अंतर, सळईच्या टोकाचं नव्हे.

तेव्हा तपासाचा पहिला प्रश्न असा: गाडी कुठे चुकते? दर वेळी त्याच कमानीपाशी किंवा त्याच पुलाच्या सांध्यावर ब्रेक मारत असेल, तर तो तंत्राच्या मर्यादेचा भाग आहे, सेन्सर बदलून जाणार नाही. घाटाच्या वळणावर पुढची गाडी हरवून एकदम वेग घेत असेल तर तेही तसंच. दूर पाहणाऱ्या रडारचा झोत अरुंद असतो, वळणावर पुढची गाडी त्याच्या बाहेर जाते आणि यंत्रणेला रस्ता मोकळा झाल्यासारखा वाटतो. घाटात क्रूझ लावण्याचा उद्योगच करू नये. महामार्गावर अलीकडे टाकलेल्या पांढऱ्या काँक्रीटवर पुसट पांढरे पट्टे असतील तर कॅमेऱ्याला लेन ओळखणं जड जातं, हे वेगळंच.

पण चूक जागा पाहून होत नसेल, हवामान पाहून होत असेल, तर गोष्ट दुसरी. कोरडी धूळ या लहरींना फारशी अडवत नाही, पाणी अडवतं. वाटेतल्या पावसाने सिग्नल थोडा क्षीण होतो, पण खरा त्रास लोगोवर पसरलेल्या पाण्याच्या पातळ थराचा. लहरी त्यातून जाताना एकदा आणि परत येताना पुन्हा एकदा खर्ची पडतात. जूनमध्ये चिखलणीच्या शेतातून आलेला ट्रॅक्टर रस्त्यावर जो ओला चिखल सांडून जातो, तो पुढच्या जाळीवर बसला की रडार आंधळंच. वाळला की पुन्हा दिसू लागतं, आणि मालक म्हणतो, ‘आपोआप दुरुस्त झाली.’ दसऱ्याचं उदाहरण मला फार आवडतं. गाडी धुतली, पूजा केली, लोगोवरून झेंडूचा जाडजूड हार घातला. ताज्या फुलांत पाणीच पाणी. रडारपुढे भिंत उभी केल्यावर त्याने संदेश दिला, तर त्याची काय चूक? हार घालावाच, फक्त बॉनेटवर घालावा. लोगोवर स्टिकर, बाजारातला चकचकीत लोगो, बंपरच्या जाळीवर क्रोमची पट्टी, वाकडी लावलेली नंबरप्लेट यांचाही तोच परिणाम. मूळ लोगोच्या प्लॅस्टिकची जाडी लहरीच्या लांबीशी जुळवलेली असते. मिलिमीटरभराच्या फरकानेही प्रतिध्वनी बिघडतो. आणि पुढे लावलेला स्टीलचा गार्ड? त्यावर केंद्र सरकारने 2017 मध्येच बंदी आणली आहे, तेव्हा त्याबद्दल वेगळं काय सांगायचं!

एवढं सगळं काढून, पुसून झालं आणि तरी गाडी भलत्याच लेनमधल्या ट्रकसाठी ब्रेक मारते, स्वतःच्या लेनमधला उशिरा पाहते, असं असेल तर मला पहिला संशय येतो तो कोनाचा. रडार जेमतेम एक अंशाने डावीकडे वळलं, तर शंभर मीटरवर ते पावणेदोन मीटर डावीकडे पाहत असतं. महामार्गावरची लेन साडेतीन मीटरची. म्हणजे बरोबर अर्धी लेन. डाव्या लेनच्या उजव्या कडेने जाणारा ट्रक मग आपल्या पुढ्यात आहे असं गाडीला वाटू लागतं. आणि एक अंश म्हणजे किती? पार्किंगमध्ये खांबाला हलका धक्का, बंपर काढून पुन्हा बसवताना एक क्लिप सुटलेली, रडारचा ब्रॅकेट किंचित वाकलेला. डोळ्याला काही दिसत नाही. पुढून गाडी ठोकली गेली, पत्राकाम-रंगकाम झालं, बंपरला पुट्टी भरून वर धातूचे कण असलेला रंग मारला, गाडी नव्यासारखी दिसू लागली, आणि क्रूझचं तंत्र मात्र बिघडलं, असं होऊ शकतं. मालक ही दोन प्रकरणं जोडत नाही, कारण दुरुस्ती दोन महिन्यांपूर्वीची असते.

यात एक खोच आहे. रडार स्वतःचं वाकडेपण चालता चालता ओळखतं. रस्त्याकडेच्या खांबांचे, कठड्यांचे प्रतिध्वनी गाडी सरळ जाताना कोणत्या रेषेने सरकतात, यावरून त्याला आपला कोन कळतो आणि थोडाफार फरक ते सॉफ्टवेअरने भरून काढतं. फरक फारच असेल तर ते रीतसर बंद पडतं आणि बिघाडाचा कोड नोंदवतं. तापदायक असतो तो यामधला पट्टा: बंद पडण्याइतकं वाकडं नाही, सरळही नाही. बहुतेक ‘कधी चालते, कधी नाही’ गाड्या या पट्ट्यात असतात, असं माझं मत.

वर-खालीही तेच. सुट्टीला सहा-सात माणसं, मागे बॅगा, चिकूच्या पेट्या. गाडी मागे बसते, नाक वर उचललं जातं आणि रडार रस्त्याऐवजी कमानी पाहू लागतं. रिकाम्या गाडीत न होणारा त्रास भरलेल्या गाडीत होत असेल तर आधी मागच्या टायरांतली हवा आणि स्प्रिंग पाहावेत. चाकांचं अलाइनमेंटही यात येतं. मागची चाकं तिरकी चालत असतील तर गाडी तिरक्या अंगाने सरळ जाते, आणि सरळ बसवलेलं रडार सरळ पाहत नाही. म्हणूनच आधी चाकं, मग रडार. उलटं केलं तर रडारचं काम पुन्हा करावं लागतं. पुढची काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचंही कॅलिब्रेशन लागतं, हे काच बसवणारा सांगतोच असं नाही.

क्रूझ अजिबात लागतच नसेल तर मात्र रडारच्या मागे लागण्याआधी ब्रेकच्या पेडलवरचा दिव्याचा स्विच पाहावा. तो अडकला तर गाडीला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. चाकाजवळचा वेगाचा सेन्सर, उतरलेली बॅटरी, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने हिरवट पडलेला कनेक्टर, हेही त्याच यादीत.

सर्व्हिस सेंटरला जाताना ‘क्रूझ नीट चालत नाही’ एवढंच सांगू नये. कुठे, किती वेगाला, ऊन होतं की पाऊस, पुढे काय होतं, गाडीत किती माणसं होती, आणि त्याआधी बंपरला, काचेला, चाकांना कुणी हात लावला होता का, हे लिहून न्यावं. स्कॅनर लावून कोड वाचायला सांगावं. ‘झाकलं गेलं’ आणि ‘कोन चुकला’ यांचे कोड बहुधा वेगळे असतात आणि औषधही वेगळं. ‘साहेब, सेन्सरच बदलू या’ हा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला तर थांबावं. कॅलिब्रेशन दोन तऱ्हांनी होतं: सपाट जमिनीवर गाडी उभी करून समोर मोजून ठेवलेल्या लक्ष्यावर, किंवा स्कॅनर जोडून ठरावीक वेगाने मोकळ्या रस्त्यावर चालवून. पहिल्यासाठी जमीन खरोखर सपाट लागते आणि आसपास लोखंडाचा पसारा नको. गच्च भरलेल्या शेडमध्ये ते जमत नाही. काम झाल्यावर स्कॅनरचा कागद मागावा. आधीचा आणि नंतरचा कोन स्कॅनरमध्ये वाचता येत असेल तर दोन्ही त्यावर छापून घ्यावेत, आणि बिल भरायच्या आधी.