देणगीआधी अडचण द्या

माटुंग्याच्या आयसीटीचं, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचं, नाव काढलं की समोरचा हमखास विचारतो, “मुकेश अंबानी शिकले तीच ना?” हो, तीच. आमच्या पिढीच्या तोंडात मात्र अजून ‘यूडीसीटी’च बसलंय. पुढचा प्रश्नही ठरलेला: “मग काय, पैशाला तोटा नसेल!” पैसा आला, भरपूर आला. पण ही संस्था नुसत्या पैशावर वाढलेली नाही.

मी इचलकरंजीच्या एका रंगाईवाल्याची मुलगी. रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून इथे टेक्स्टाइल केमिस्ट्रीला आले आणि पुढे जन्मभर प्रोसेस हाउसांत शेड जुळवत राहिले. त्यामुळे या संस्थेकडे मी कारखान्याच्या दारातूनच पाहते.

1 ऑक्टोबर 1933 रोजी मुंबई विद्यापीठाने ‘यूडीसीटी’, म्हणजे आपला रासायनिक तंत्रज्ञान विभाग, सुरू केला. त्यामागे मोठा हात होता तो कुलगुरू सर विठ्ठल चंदावरकर यांचा. मुंबईत गिरण्यांची धुराडी होती, कापडही ढिगाने निघत होतं. पण त्यावरचा कृत्रिम रंग यायचा प्रामुख्याने जर्मनी आणि इंग्लंडहून. रंग परका आणि तो जाणणारा तंत्रज्ञही बहुधा परकाच. म्हणून पहिले अभ्यासक्रम दोनच निघाले, कापडाचं रसायन आणि केमिकल इंजिनिअरिंग. 1943 मध्ये विभाग माटुंग्याला आला. पुढे औषधं, तेलं, अन्नपदार्थ, पेंट, प्लॅस्टिक अशा शाखा फुटत गेल्या. मुंबईत आणि आसपास जो धंदा उभा राहत होता, त्याची गरज इथे विषय होऊन यायची.

1938 साली प्रा. के. वेंकटरामन विभागाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. कृत्रिम रंगांवरचे त्यांचे ग्रंथ जगभर वापरले गेले. 1957 मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून गेले. नंतरच्या काळावर ठसा उमटला तो प्रा. मनमोहन शर्मा यांचा. इथलेच विद्यार्थी, केंब्रिजहून पीएच.डी. घेऊन 1964 साली परतले, ते थेट प्राध्यापक म्हणून. तेव्हा वय सत्तावीस! पुढे नावाजलेले शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर त्यांच्याच हाताखाली 1969 मध्ये पीएच.डी. झाले. 1990 मध्ये शर्मा लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय केमिकल इंजिनिअर.

केमिकल इंजिनिअर नेमकं करतो काय? चौघांचं पिठलं जमणाऱ्याला चारशेंच्या पंगतीचं जमेलच असं नाही. काचेच्या चंबूत तयार होणारी उष्णता सहज बाहेर पडते. काही हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये ती आतच कोंडते, तापमान चढतं आणि माल बिघडतो, कधी स्फोटही होतो. ढवळायचं किती वेगाने, वायू द्रवात विरघळवायचा कसा, याचं गणित बसवणं हे त्याचं काम. हे प्रश्न पुस्तकात नीटनेटके असतात, कारखान्यात ते अंगावर येतात. यूडीसीटीच्या मास्तरांना कारखान्यांना सल्ला द्यायची मुभा होती. ते शॉप फ्लोअरवर जायचे, तिथली अडचण घेऊन यायचे आणि त्यातून कुणाची तरी पीएच.डी. उभी राहायची.

माझ्या वडिलांचंच सांगते. एकाच रेसिपीचे दोन लॉट, पण एकावर रंग चढायचा, दुसऱ्यावर डाग. रंगाचा व्यापारी बदलून झाला, कामगारांवर ओरडून झालं. सुट्टीत घरी आले तेव्हा हे ऐकलं आणि परत गेल्यावर सरांना विचारलं. त्यांनी रंगाचं नावही विचारलं नाही. “पाणी कुठलं?” एवढंच म्हणाले. विहीर आटली की आम्ही बोअरचं घ्यायचो. त्या जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम रंगाला धरून बसायचं. बाथमध्ये ते बांधून ठेवणारं रसायन घातलं आणि डाग गेले. वडील चौथी शिकलेले. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी यूडीसीटी म्हणजे देवस्थान.

असे ऋणी लोक हेच या संस्थेचे खरे समर्थक. त्यांतले काही पुढे फार मोठे झाले: डॉ. रेड्डीजचे अंजी रेड्डी, एशियन पेंट्सचे अश्विन दाणी हे इथलेच. माजी विद्यार्थ्यांनी आणि कंपन्यांनी अध्यासनं, शिष्यवृत्त्या यांसाठी निधी ठेवले. अशा निधीचं मुद्दल मोडायचं नसतं. व्याजातून दरवर्षी पाहुणा प्राध्यापक येतो, एखाद्या मुलीची फी भरली जाते. सरकारी अनुदान वेळेवर आलं नाही तरी हे काम थांबत नाही. 2008 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून संस्थेचा कारभार स्वतंत्र झाला. 2018 मध्ये भुवनेश्वरची शाखा सुरू झाली ती इंडियन ऑइलच्या साथीने. आपल्या जालन्यातही त्याच वर्षी एक शाखा निघाली.

आज महाराष्ट्रात एमआयडीसी आणि इंजिनिअरिंग कॉलेज हाकेच्या अंतरावर असतात, पण एकमेकांचा उंबरा ओलांडत नाहीत. कारखानदार कॉलेजात जातो तो स्नेहसंमेलनात हार घालून घ्यायला. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याने, जळगावच्या पाइपवाल्याने, सोलापूरच्या टॉवेलवाल्याने एकदा आपली बिघडलेली बॅच घेऊन तिथे जावं आणि मास्तरांनी ती हातात घ्यावी. देणगीची पावती नंतर फाडता येईल.