सुकाणू-खीळ, कॅटामरानची

नौकेच्या पिछाडीस लावलेले सुकाणू ज्या उभ्या दांडीभोवती फिरते, तिला सुकाणू-खीळ म्हणतात. पिछाडीच्या फळीवर एकाखाली एक असे भोके असलेले दोन कान पक्के बसविलेले असतात आणि सुकाणूच्या धारकावर त्यांच्याशी जुळणारे कान असतात. सर्व भोकांतून खीळ ओवली म्हणजे बिजागरी पूर्ण होते. खीळ हा नौकेचा अगदी लहान भाग असला, तरी ती मोडल्यास, वाकल्यास किंवा निसटल्यास नौकेवरील ताबा जातो. खिळीचा पदार्थ ठरविताना केवळ तिचे बल पाहून भागत नाही. ती ज्या भोकात बसते त्याचा पदार्थ आणि दोहोंमधील खारे पाणी यांचाही विचार करावा लागतो.

दोन समांतर अरुंद सांगाडे आडव्या तुळयांनी जोडून केलेल्या नौकेस कॅटामरान म्हणतात. हा शब्द ‘बांधलेली लाकडे’ या अर्थाच्या ‘कट्टुमरम्’ या तमिळ शब्दावरून आला असून मराठीतील ‘सांगड’ हा शब्द त्याला अर्थाने जवळचा आहे. पुळणीवरून लोटता येणाऱ्या लहान शिडाच्या कॅटामरानांपैकी होबी १६ ही विशेष प्रसिद्ध आहे. होबी ऑल्टर यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात विकसित केलेली ही नौका १९७० च्या सुमारास प्रचारात आली. तिची लांबी सु. ५ मी. व वजन सु. १४५ किग्रॅ. असून ती दोघेजण चालवितात. तिच्या प्रत्येक सांगाड्याला एक याप्रमाणे दोन सुकाणू असतात आणि सुकाणूचे पाते ॲल्युमिनियमाच्या ओतीव धारकात बसविलेले असते. पाते तळाला आदळल्यास धारकातील यंत्रणा सुटून ते वर उचलले जाते. आघात सोसण्याची ही सोय वेगळी असल्याने खीळ मुद्दाम कमकुवत ठेवण्याची गरज नसते.

खिळीवरील भार : सुकाणूवरील आडवा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाण्यातील पात्याचे क्षेत्रफळ ०·१ चौ. मी. आणि वेग सेकंदाला ५ मी. (सु. १० नॉट) धरल्यास सुकाणू जोराने वळविताना हा रेटा सु. १,२८० न्यूटन, म्हणजे सु. १३० किग्रॅ. वजनाइतका होऊ शकतो. वेग दीडपट झाल्यास तो सव्वादोनपट होतो. रेटा बिजागरीच्या बराच खाली लागत असल्याने तरफेच्या तत्त्वानुसार खालच्या कानावर तो आणखी वाढतो. दोन कानांतील अंतर २५ सेंमी. व रेट्याचा मध्य खालच्या कानाखाली ४५ सेंमी. असल्यास खालच्या कानावर मूळ रेट्याच्या २·८ पट, म्हणजे सु. ३,६०० न्यूटन भार येतो. जोराच्या वाऱ्यात एक सांगाडा पाण्याबाहेर उचलला जातो व सर्व काम दुसऱ्या सुकाणूवर पडते. म्हणून प्रत्येक खीळ एकटीने पूर्ण भार पेलू शकेल अशीच असावी लागते.

हा भार ८ मिमी. व्यासाच्या खिळीवर एकाच छेदात आल्यास कर्तरी प्रतिबल (कातरून तोडू पाहणारे प्रतिबल) दर चौ. मिमी.ला सु. ७१ न्यूटन होते. शिवाय नौकेचा कान व सुकाणूचा कान यांत फट असल्यास खीळ तेथे वाकू पाहते. भाराचा तरफहात केवळ २ मिमी. असला, तरी नमनाचे प्रतिबल सु. १४० न्यूटनापर्यंत जाते, ४ मिमी. असल्यास त्याच्या दुप्पट होते. त्यामुळे खीळ बहुधा कातरून तुटण्याआधी वाकते आणि त्याचे मूळ बऱ्याचदा खिळीत नसून झिजलेल्या कानात असते. व्यास ८ ऐवजी १० मिमी. केल्यास कर्तनबल दीडपटीहून थोडे अधिक आणि नमनबल जवळजवळ दुप्पट होते. मात्र त्यासाठी सर्व भोके मोठी करावी लागतात व कानांच्या कडा पातळ होतात.

संक्षारण : भिन्न विद्युत् वर्चस् असलेल्या दोन धातू समुद्राच्या पाण्यात एकमेकींना टेकल्या म्हणजे विद्युत् घट तयार होतो व त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजते. अगंज पोलाद व ॲल्युमिनियम यांच्या वर्चसांत समुद्रजलात सु. ०·७ व्होल्ट इतका फरक पडतो. अशा जोडीत खीळ चकचकीत राहते आणि ॲल्युमिनियमाचे भोक पोखरले जाते. तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूहून अधिक जागा व्यापते, त्यामुळे खीळ भोकात घट्ट अडकते. ती ठोकून काढण्याच्या प्रयत्नात ओतीव कान तडकू शकतो. खीळ स्वस्त व कान महाग असल्याने हा सौदा तोट्याचा ठरतो.

निरनिराळे पदार्थ : (१) अगंज पोलाद : क्रोमियम सु. १८ टक्के व निकेल सु. ८ टक्के असलेल्या ३०४ या प्रकारापेक्षा २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेला ३१६ हा प्रकार खाऱ्या पाण्यात अधिक टिकतो. यंत्रणास सोपा जावा म्हणून गंधक मिसळलेला ३०३ हा प्रकार समुद्रावर टाळावा. मऊ केलेल्या ३१६ सळईपेक्षा शीत-कर्षित सळई बरीच बळकट असते व वेगवान नौकेस तीच घ्यावी. ऑक्सिजन न पोचणाऱ्या अरुंद फटीत मात्र या पोलादालाही खळगे पडतात.

(२) टिटॅनियम : ॲल्युमिनियम व व्हॅनेडियम मिसळलेली त्याची मिश्रधातू अतिशय बळकट असून समुद्रजलाने जवळजवळ मुळीच झिजत नाही. तथापि ती महाग आहे, घासताना दुसऱ्या धातूला चिकटते आणि ॲल्युमिनियमाचे संक्षारण तीही घडवून आणते. ३५ सेंमी. लांब व ८ मिमी. जाड पोलादी खीळ सु. १४० ग्रॅ., तर टिटॅनियमाची सु. ७८ ग्रॅ. भरते. दोन खिळींत मिळून होणारी बचत १४५ किग्रॅ. वजनाच्या नौकेच्या एक सहस्रांशाहूनही कमी आहे.

(३) पितळ व कासे : पितळेतील जस्त खाऱ्या पाण्यात निघून जाते व उरलेले तांबे सच्छिद्र व ठिसूळ होते; म्हणून पितळ वर्ज्य समजावे. सिलिकॉन कासे टिकाऊ असले, तरी ॲल्युमिनियमाशी त्याचा संपर्क हानिकारकच असतो.

(४) ॲल्युमिनियम : वर्चसांतील फरक जवळजवळ नाहीसा होतो; परंतु सळई मऊ असल्याने लवकर झिजते व वारंवार उलटसुलट भाराने तिला शिणवटा येऊन ती तुटू शकते.

(५) तंतुप्रबलित सळया : कार्बन किंवा काचतंतूंची सळई लांबीच्या दिशेने बळकट, पण आडव्या कर्तनात दुबळी असते व तिच्या चिरफळ्या निघतात. कार्बन विद्युत् संवाहक असल्याने तो ॲल्युमिनियमाला पोलादाप्रमाणेच अपाय करतो.

(६) प्लॅस्टिके : ॲसिटल व नायलॉन यांचे घर्षण कमी व विद्युत् निरोधन उत्तम असते, परंतु त्यांचे बल वर काढलेल्या प्रतिबलास अपुरे पडते. त्यामुळे खिळीसाठी ती उपयोगी नसली, तरी भोकातील बुशासाठी अत्यंत योग्य आहेत. नायलॉन पाणी शोषून फुगते व खीळ आवळते. ॲसिटल फारच कमी फुगते, म्हणून त्याचा बुश अधिक पसंत करतात.

निवड : वरील विचारावरून सामान्य वापरासाठी ३१६ पोलादाची सरळ, गुळगुळीत, शीत-कर्षित खीळ आणि ॲल्युमिनियमाच्या प्रत्येक भोकात ॲसिटलाचा बुश ही जोडी सर्वांत समाधानकारक ठरते. बुश दोन्ही धातूंना अलग ठेवतो आणि झीज स्वतःवर घेतो. झीज होणारच असेल, तर ती सर्वांत स्वस्त भागात व्हावी, हे येथील मूलभूत तत्त्व होय. वजनासाठी वा दिखाव्यासाठी महाग खीळ घेण्यापेक्षा झिजलेले बुश वेळेवर बदलणे अधिक हिताचे असते.

निगा : नौका उलटल्यास सैल खीळ स्वतःच्या वजनाने गळून पडते. म्हणून खिळीच्या टोकाच्या छिद्रात कडी किंवा दुपाखी टाचणी घालून ती अडकविणे आवश्यक असते. प्रत्येक फेरीनंतर बिजागरी गोड्या पाण्याने धुवावी व अधूनमधून खीळ काढून पुसावी. सपाट काचेवर गडगडवून पाहिल्यास तिचा वाक चटकन कळतो. वाकलेली खीळ ठोकून सरळ करू नये, ती बदलावी. वंगणासाठी पाण्यात न विरघळणारे ग्रीज वापरावे. ग्रॅफाइटयुक्त ग्रीज मात्र टाळावे, कारण ग्रॅफाइटामुळे ॲल्युमिनियमाचे संक्षारण वाढते. पाते हाताने हलविले असता पिछाडीपाशी खडखड जाणवल्यास पाण्यात उतरण्यापूर्वीच बुश तपासणे इष्ट असते.