माजिवडा : नाक्यावरचे गाव, फाटकातले गाव

ठाण्यात रिक्षात बसून नुसते "गोल्डन डाईज" म्हटले तरी रिक्षावाला मीटर टाकतो. त्या नावाची कंपनी माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने पाहिलेली नाही. नितीन कंपनी, कॅडबरी नाका यांचेही तेच. मुले विचारतात, "टीचर, नितीन कोण होता?" कारखान्यांची नावे बसथांब्यांना चिकटून राहिली आणि मागे तीस-तीस मजल्यांचे मनोरे उभे राहिले.

माजिवडा मूळचे आगरी-कोळी वस्तीचे, खाडीजवळचे गाव. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना रस्ता आणि घोडबंदरचा रस्ता इथेच वेगळे होतात. घोडबंदरला अरब व्यापाऱ्यांचे घोडे उतरत, म्हणून ते नाव, असे सांगतात. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, पण स्टेशन माजिवड्यापासून दूर, त्यामुळे गाव बराच काळ गावच राहिले. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, वागळे इस्टेट उभी राहिली आणि आसपासच्या रस्त्यांवर कारखान्यांचे भोंगे वाजू लागले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महापालिका झाली. जुन्या नगरपालिकेबरोबर आजूबाजूची गावेही तिच्यात आली, त्यांत माजिवडा होते. १९९१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ८ लाख होती, २०११ मध्ये ती १८ लाखांवर गेली.

ही माणसे राहिली कुठे? बरीचशी घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना. एकेक इमारत बांधण्याचे दिवस मागे पडले, आता 'टाउनशिप'चा जमाना आहे. माजिवड्याची अर्बानिया सुमारे सव्वाशे एकरांवर पसरली आहे. आत बाग, तलाव, व्यायामशाळा, दुकाने, सगळे काही. जवळच २०१३ मध्ये सुरू झालेला विवियाना मॉल. फाटकातून आत गेले की बाहेरच्या नाक्यावरचे ट्रक आणि धूळ विसरायला होते, हे मान्य करायलाच हवे. मुलांना निर्धास्त खेळता येते, म्हातारी माणसे फिरतात. कोणाला नको असेल?

पण फाटक सगळ्यांसाठी सारखे उघडत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही याच भागात भाड्याने घर शोधत होतो. एका इमारतीतला फ्लॅट पसंत पडला, डिपॉझिट ठरले, एजंटने चहाही पाजला. करारासाठी नाव सांगितले आणि संध्याकाळी फोन आला : "मॅडम, सोसायटीवाले नाही म्हणतात." पुढच्या दोन ठिकाणी नाव आम्हीच आधी सांगितले, म्हणजे चहाचा खर्च तरी वाचला. मुंब्रा-कौसा एवढे का वाढले, हे मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे तिकडे गेली. भीतीने गेली, आणि दुसरीकडे घर मिळेना म्हणूनही गेली.

भगिनींनो, एक गोष्ट मात्र माहीत असू द्या. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना संस्थेची परवानगी घ्यावी लागत नाही, फक्त तिला कळवावे लागते. विकत घेणाऱ्याला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नकार मिळाला तर निबंधकाकडे अपील करता येते. "सोसायटीवाले नाही म्हणतात" हे बरेचदा एजंटचे किंवा मालकाचेच वाक्य असते. नकार लेखी मागा. लेखी म्हटले की पुष्कळांची भाषा मऊ होते.

आम्हाला शेवटी घर मिळाले ते गावठाणात. घरमालक आगरी काका. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : "पाणी पहाटे साडेपाचला येतं, उठाल का?" आणि "चारचाकी नाही ना? गल्लीत वळत नाही." फजरला उठणाऱ्यांना पहिल्या प्रश्नाची अडचण नव्हती, दुसऱ्याची तर नव्हतीच. मांसमच्छीबद्दल कोणी विचारले नाही, कारण सुक्या बोंबलाचा वास आधी त्यांच्याच घरातून येत होता. ईदला आमचा शीरखुर्मा वर जातो, गौरी-गणपतीत काकींचे मोदक खाली येतात.

गावठाणात सगळे गोड आहे असे नाही. घरावर घर चढले आहे, उजेड येत नाही, आग लागली तर बंब आत येणार नाही. जमिनीचे पैसे आले, ते कोणाचे टिकले, कोणाचे गेले. काकांचा मुलगा आज समोरच्या मनोऱ्याला पाण्याचे टँकर पुरवतो. "आमचंच शेत होतं ते," असे तो सहज म्हणतो, तक्रार म्हणून नव्हे. आता नाक्यावर मेट्रोचे खांब उभे आहेत. वडाळा-कासारवडवली मार्गावर माजिवड्याला स्थानक होते आहे, आणि भिवंडी-कल्याणचा फाटा शेजारच्या कापूरबावडीहून निघेल. भिवंडीची आमची खाला "मेट्रोने येईन" म्हणते, तेव्हा आम्ही इन्शाअल्लाह म्हणतो आणि तूर्त रिक्षाचे पैसे देतो.

परिसर अभ्यासाच्या तासाला मी मुलांना माजिवड्याचा नकाशा काढायला सांगते. यंदा एका मुलीने गावठाणातली एकूण एक गल्ली काढली. मशीद, देऊळ, गिरणी, नळ सगळे जागच्या जागी. तिची अम्मी टाउनशिपमध्ये चार घरी पोळ्या करते. नकाशात टाउनशिपला एकच फाटक होते. मोठे कमानीचे फाटक राहून गेले का, असे विचारले तर म्हणाली, "टीचर, ते पुढचं. आम्ही मागच्यानं जातो ना."