दूरध्वनीवरील मुलाखत

नोकरीच्या मुलाखतीसाठी घरून निघणारा उमेदवार किती काळजी घेतो! कपड्यांना इस्त्री करतो, केस नीट विंचरतो, प्रमाणपत्रे पुन्हा पुन्हा चाळून पाहतो. कार्यालयात पाऊल टाकताच तो अधिकाऱ्यांना नमस्कार करतो आणि सांगितल्यावरच खुर्चीवर बसतो. तोंडातून एकही शब्द निघण्यापूर्वी त्याच्याविषयी समोरच्या मंडळींना थोडीफार कल्पना आलेली असते. परंतु हीच मुलाखत दूरध्वनीवरून व्हायची असली म्हणजे? तेथे इस्त्रीचे कपडे दिसत नाहीत आणि जोडलेले हातही दिसत नाहीत. उमेदवाराचा सारा परिचय त्याच्या आवाजातूनच व्हायचा असतो.

१० मार्च १८७६ रोजी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी दुसऱ्या खोलीतील आपल्या साहाय्यकाला यंत्रातून हाक मारली आणि ती त्याला ऐकू गेली. दोन खोल्यांमधील ते अंतर आज हजारो मैलांचे झाले आहे. समजा, तुमची ताई गडचिरोलीला राहते आणि पुण्यातील एका कार्यालयात तिने अर्ज केला आहे. दूरध्वनीमुळे तिचा लांबचा प्रवास टळतो, भाड्याचा व मुक्कामाचा खर्च वाचतो. मात्र पंधरा-वीस मिनिटांच्या त्या संभाषणावरून तिला पुढे बोलवायचे की नाही, हे ठरणार असते. म्हणून या मुलाखतीची तयारी तिने कशी करावी, ते आपण पाहू.

प्रथम दूरध्वनीचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. दर सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत होणारी कंपने माणसाच्या निरोगी कानाला ऐकू येतात. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवरून त्यांपैकी सुमारे ३०० ते ३,४०० एवढीच कंपने पलीकडे पोहोचतात. नव्या यंत्रणेत ही मर्यादा पुष्कळ वाढली आहे. तरीही जोडणी चांगली नसली, तर आवाज तुटतो. 'स' या अक्षराचा विशिष्ट ध्वनी वरच्या कंपनांवर अवलंबून असतो. तीच गळली, तर ताईने सांगितलेले आडनाव 'सणस' की 'फणस', असा घोटाळा ऐकणाऱ्याच्या मनात होऊ शकतो! यावरचा उपाय तुम्ही पहिलीतच शिकला आहात. 'स सशाचा, ण बाणाचा' असे म्हटले की संशय उरत नाही. आकड्यांचेही तसेच आहे. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' हे शब्द घाईत सारखे वाटतात. म्हणून 'पाच नऊ' किंवा 'सहा नऊ' असे सुटे अंक सांगावेत.

दुसरी तयारी जागेची. ठरलेल्या वेळेच्या आधीच घरातील कोणत्या कोपऱ्यात आवाज स्वच्छ येतो, हे पाहून ठेवावे. फोनची बॅटरी पुरती भरून घ्यावी. कुकरच्या शिट्ट्या आणि दूरदर्शन तेवढा वेळ बंद राहतील, असे घरात सांगून ठेवावे. मुलाखतीच्या वेळी ताठ बसावे आणि चेहरा प्रसन्न ठेवावा. चेहरा कोणाला दिसणार, असे तुम्ही विचाराल. पण हसताना ओठ फाकतात, मुखाची पोकळी किंचित आखूड होते आणि आवाजाची छटा पालटते. दिसले नाही तरी हसू ऐकू येते!

तिसरी तयारी कागदाची. समोरासमोरच्या मुलाखतीत उमेदवाराला कागद पाहून बोलणे शोभत नाही. येथे मात्र ती सोय आहे. आपल्या अर्जाची प्रत, कार्यालयाची माहिती, आपण केलेल्या कामांपैकी तीन-चार ठळक गोष्टी आणि आपल्याला विचारायचे दोन प्रश्न एका कागदावर लिहून तो समोर ठेवावा. मात्र त्यावर पूर्ण वाक्ये लिहू नयेत. वाचून दाखवलेले उत्तर ऐकणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते.

चौथी तयारी सरावाची; आणि ही कामगिरी तुमची आहे. ताईला एका खोलीत बसवा, तुम्ही दुसऱ्या खोलीतून फोन करा आणि प्रश्न विचारा. 'आपल्याविषयी थोडे सांगा', 'हे काम आपल्याला का करावेसे वाटते?' असे प्रश्न बहुधा येतातच. ती फार भरभर बोलली, तर तसे तिला सांगा. एखादे उत्तर झाल्यावर मुद्दाम थोडा वेळ गप्प राहा. पलीकडची शांतता ऐकून पुष्कळजण गोंधळतात आणि नको ते बोलत सुटतात. वास्तविक अधिकारी त्या वेळी टिपण लिहीत असतात, हे ताईच्या मनावर ठसले पाहिजे.

एक सावधगिरीही हवी. नोकरी देण्यासाठी कोणी फोनवर पैसे मागितले, किंवा बँकेचा गुप्त क्रमांक विचारला, तर ती मुलाखत नसून फसवणूक आहे, असे समजावे आणि फोन ठेवून द्यावा.

एवढी तयारी करूनही एखादा प्रश्न ऐकू न येण्याचा प्रसंग येतोच. अशा वेळी पुष्कळांना संकोच वाटतो. ते अंदाजाने काहीतरी उत्तर देतात आणि विचारले एक, सांगितले भलतेच, अशी गत होते. 'क्षमा करा, प्रश्न नीट ऐकू आला नाही. कृपया पुन्हा सांगाल का?' असे म्हणण्यात कमीपणा नाही. जो न ऐकलेले ऐकल्याचे सोंग करीत नाही, तो उद्या कामातही न समजलेले समजल्याचे सोंग करणार नाही, असा भरवसा त्यातून निर्माण होतो. डोळ्यांना काहीच दिसत नसताना माणसाची पारख अशीच होते: तो किती स्पष्ट बोलतो यावरून, आणि तो किती लक्षपूर्वक ऐकतो यावरूनही.