हँडलचा फटका, डायनॅमोचा उतारा

मागच्या रब्बी हंगामात आमच्या ओपीडीत एक शेतकरी आले. उजवे मनगट टम्म सुजलेले, अंगठ्याच्या बाजूला बोटही लावू देईनात. विहिरीवरचे डिझेल इंजिन सुरू करताना हँडल उलटे फिरले होते. एक्स-रे पाहून मी शिकाऊ डॉक्टरांना या अस्थिभंगाचे नाव विचारले. 'शोफर्स फ्रॅक्चर' हे उत्तर लगेच आले. पण हेच नाव का, ते कोणाला सांगता आले नाही.

शोफर म्हणजे मोटारचालक. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पेट्रोलची मोटार सुरू करायची तर तिच्यापुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे. ठिणगी लवकर की उशिरा पाडायची, हे ठरवणारी एक दांडी असे. ती मागे घ्यायची राहिली, की पिस्टन वर पोहोचण्याआधीच इंधन पेट घेई आणि हँडल उलटा झटका देई. मनगटाजवळ, अंगठ्याकडच्या हाडाचे टोक तुटे. म्हणून हे नाव.

चालकांना सावधगिरी शिकवून हा प्रकार थांबला नाही. थांबला तो यंत्र बदलल्यावर. अमेरिकेत ओहायोतील डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांनी 1911 मध्ये मोटारीसाठी विजेचा स्टार्टर तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला. त्याआधी त्यांनी दुकानातील गल्ल्याच्या यंत्रासाठी छोटी विद्युत मोटर बनवली होती. काही सेकंदांपुरताच जोर हवा असेल, तर लहान मोटरवर मोठा भार टाकता येतो, हे त्यांना तिथे कळले होते.

पण स्टार्टर बॅटरीवर चालतो आणि बॅटरी भरणार कोण? हे काम डायनॅमोचे. केटरिंग यांच्या रचनेत एकच यंत्र आधी इंजिन फिरवी आणि इंजिन सुरू झाले की डायनॅमो होऊन बॅटरी भरे. खरी अडचण इथेच होती. डायनॅमो इंजिनाच्या वेगाने फिरतो. गाडी रेंगाळली तर वीज अपुरी. भरधाव गेली तर इतकी जास्त, की बॅटरीतले पाणी उडून जाई आणि दिवे जळत.

म्हणून डायनॅमो चाचणीच्या बाकावर बसवून वेगवेगळ्या वेगाने फिरवायचा आणि वीज मोजायची, असे काम चाले. त्यातून सुधारणा होत गेल्या. इंजिन मंद असताना बॅटरीतली वीज उलट डायनॅमोत जाऊ नये म्हणून 'कटआउट' आला. वेग वाढला तरी प्रवाह आवरणारा तिसरा ब्रश आला. मात्र बॅटरी भरली आहे की रिकामी, हे त्याला समजत नसे. त्यामुळे लांबच्या प्रवासात काही चालक भरदिवसा दिवे लावून ठेवत! पुढे दाब ओळखून प्रवाह कमी करणारा व्होल्टेज रेग्युलेटर आला. आपण पटकन उभे राहिलो तरी शरीर रक्तदाब सावरते, तसेच हे काम. बॅटरी भरवशाची झाली आणि हँडल केवळ अडीअडचणीपुरते डिकीत गेले. आपल्या अँबॅसिडरमध्येही ते असे.

शेतावरच्या अनेक इंजिनांना मात्र आजही हँडलच आहे. ते मारताना अंगठा मुठीभोवती गुंडाळू नका; चारही बोटांच्या बाजूलाच ठेवा. हँडल खाली दाबण्यापेक्षा वर ओढा. झटका बसलाच, तर मनगट चोळू नका, ओढून 'बसवून' घेऊ नका. पुठ्ठ्याचा आधार बांधा, अंगठी-कडे काढा आणि त्याच दिवशी एक्स-रे काढा. बोटे बधिर किंवा गार पडली, तर क्षणभरही थांबू नका.

प्लास्टर आम्ही घालू. पण नवे इंजिन घेणार असाल, तर सेल्फ-स्टार्टसाठी चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या. हात मोडला की हंगामही हातचा जातो.