शिनोबी, सामुराई आणि आपले बेरड

सुट्टीच्या दिवसांत आमच्या वाड्यातील मुले तोंडाला काळे फडके गुंडाळून गच्चीवरून उड्या मारू लागली, की समजावे, आज सारे ‘निंजा’ झाले आहेत. सामुराई म्हणजे सरळ, शूर आणि कुलीन. निंजा म्हणजे छुपा आणि कपटी, असा त्यांचा ठाम समज. वरून आजीबाईंची हाक येते, “उतरा रे खाली, काय बेरड कार्टी आहेत!” या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले.

जपानातील गोष्ट आधी सांगतो. ज्यांना आपण निंजा म्हणतो त्यांना त्या काळी ‘शिनोबी’ म्हणत. ईगा आणि कोगा या डोंगराळ मुलखांत ही विद्या विशेष वाढली. परंतु तेथील पुष्कळसे शिनोबी हे लहानसहान जमीन बाळगणारे सामुराईच होते. हेरगिरी, रात्रीचा छापा, किल्ल्यात शिरून आग लावणे ही त्यांची कामगिरी. जात निराळी नव्हे. 1582 मध्ये ओदा नोबुनागाचा घात झाला, तेव्हा तोकुगावा इएयासू शत्रूच्या मुलखात अडकला. त्याला ईगाच्या वाटांनी सुखरूप नेण्यात हात्तोरी हान्झोचा मोठा वाटा मानतात. हा हान्झो मूळ ईगाच्या घराण्यातला, पण स्वतः भाल्यासाठी नाणावलेला सामुराई. काळा पोशाख ही बव्हंशी नाटकवाल्यांची देणगी!

आपल्याकडे असा प्रसंग शोधावयास दूर जावे लागत नाही. 1679 मध्ये जालना लुटून परतताना शिवछत्रपतींना मोगली फौजेने गाठले. सिधोजी निंबाळकर लढता लढता पडले. तेव्हा बहिर्जी नाइकांनी तीन दिवस नि तीन रात्री अनवट वाटांनी सैन्य चालवून पट्टा किल्ल्यावर पोहोचविले. निंबाळकरांची तलवार आणि बहिर्जींची पायवाट, यांपैकी एक नसती तर? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडाच्या घेऱ्यावर रामोशी, महार, मांग, बेरड यांच्या चौक्या सांगितल्या आहेत. वर सदरेवर मानकरी आणि खाली रानात हे. गड राखला तो दोघांनी मिळून.

पण आम्हां बिदर-कलबुर्गीकरांना याहून जवळचा दाखला वाकिनखेड्याचा. कृष्णा-भीमेच्या दुआबातील हे ठाणे शोरापूरच्या बेडर नायकांचे. (तो भाग 2009 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता, आता यादगिरीत आहे.) कन्नडमधला ‘बेडर’ तोच मराठीतला ‘बेरड’. नेमबाजी आणि रात्रीचा हल्ला यांत या लोकांचा हात धरणारा कोणी नव्हता. 1705 च्या फेब्रुवारीत शहाऐंशी वर्षांचा औरंगजेब स्वतः या ठाण्यावर चालून आला. आत पिडिया नाईक होता आणि त्याच्या आश्रयाला मराठ्यांची बायकामुलेही होती. धनाजी जाधवांची फौज मदतीला धावली. मुख्य फौजेने मोगलांना एका बाजूला झुंजत ठेविले आणि निवडक स्वारांनी दुसऱ्या बाजूने बायकामुलांना चपळ घोड्यांवर घालून बाहेर काढिले. समोरची लढाई आणि आडवाटेची सुटका, दोन्ही एकाच फौजेने एकाच वेळी केल्या! येथे सामुराई कोण आणि शिनोबी कोण, हे ज्याने त्याने ठरवावे.

पुढे नाइकाने तहाचे बोलणे लावून बादशहाला झुलविले. भावाला छावणीत पाठविले आणि स्वतः मात्र हजर होईना. त्याला वेड लागले असून तो मराठ्यांबरोबर निघून गेला, असे त्याच्या आईकडून कळविण्यात आले. पुढे झुल्फिकारखान आला, त्याने पाण्याच्या विहिरी काबीज केल्या. तेव्हा एप्रिलअखेर रात्रीच्या अंधारात नाईक निसटला. बादशहाच्या हाती जळते ठाणे आले, नाईक नाही. स्वतः बादशहाने नेतृत्व केलेली ही शेवटची मोहीम. दोन वर्षांनी अहमदनगरास त्याचा अंत झाला.

ही माणसे लढली ती केवळ दुसऱ्यांच्या चाकरीत नव्हेत. हत्यारे काढून घेण्याचा इंग्रजी हुकूम आला, तेव्हा 1857 मध्ये हलगलीच्या बेडरांनी तो धुडकावला. 1858 मध्ये शोरापूरचा राजा व्यंकटप्पा नायक इंग्रजांविरुद्ध उठला, हैदराबादेत पकडला गेला आणि बंदिवासातच पिस्तुलाच्या गोळीने त्याने देह ठेविला. 1860 मध्ये त्याचे संस्थान निजामाला मिळाले. ज्या पायवाटांच्या ज्ञानासाठी गडांना हे लोक हवे असत, तेच ज्ञान पुढच्या राजवटीत संशयाचे कारण झाले. पुष्कळांच्या वाट्याला जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का आला; तो कायदा 1952 मध्ये उठला.

कायदा उठला, शब्द मात्र राहिला. मराठी घरांत आजही कोडग्या, निर्ढावलेल्या माणसाला ‘बेरड’ म्हणतात. बेळगावकडच्या भीमराव गस्ती यांनी आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले, ते उगाच नव्हे. वाकिनखेड्यात आपल्याच लेकीबाळी त्यांच्या भिंतीआड सुरक्षित होत्या, हे आम्ही आजीबाईंना सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अगोबाई, मग त्या पोरांना काय म्हणू?” आम्हांलाही चटकन दुसरा शब्द सुचला नाही.